मोरचूद हा क्षार आहे, मग निळा लिटमस लाल का झाला?

निफाडची_सून | १२ सप्टेंबर, रात्री ९:१०

नमस्कार. माझी मुलगी नववीत असून तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात सध्या ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हा धडा चालू आहे. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होते, या क्रियेला उदासिनीकरण म्हणतात, असे त्यात दिले आहे. त्यावरून ‘क्षार म्हणजे उदासीन पदार्थ’ अशी तिची समजूत झाली होती आणि खरे सांगायचे तर माझीही तीच होती.

रविवारी आम्ही माझ्या दिरांच्या बागेत गेलो होतो. तेथे केवडा रोगासाठी बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद आणि चुना यांच्या मिश्रणाची, फवारणी करायची होती. मुलीने शाळेतून आणलेली निळी लिटमस पट्टी मोरचुदाच्या द्रावणात बुडवली आणि ती चक्क लाल झाली. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, म्हणजे पुस्तकाप्रमाणे क्षारच. शाळेत विचारले तेव्हा ‘पट्टी खराब असेल’ एवढेच उत्तर मिळाले.

दुसरा प्रश्न अधिक व्यवहारातला आहे. त्या द्रावणात चुन्याची निवळी मिसळल्यानंतरही पट्टी लालच झाली. मिसळताना बारीक बुडबुडेही येत होते. दिरांनी तशीच फवारणी केली आणि तीन दिवसांनी कोवळ्या पानांच्या कडा करपल्या. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का?

काळी_माती | १२ सप्टेंबर, रात्री ९:४२

ताई, लिटमस वगैरे शाळेत ठीक आहे. बागेत कोयता वापरावा. मिश्रणात लोखंडी कोयत्याचे पाते मिनिटभर बुडवून बाहेर काढायचे. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला आहे. थर चढेनासा होईपर्यंत निवळी घालत राहायचे. आमच्या वडिलांनी तीस वर्षे याच पद्धतीने बोर्डो केले आणि एक पान करपले नाही.

खडूफळा | १२ सप्टेंबर, रात्री १०:२५

मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे. आधी मुलीचे अभिनंदन करतो, कारण पट्टी खराब नव्हती आणि तिचे निरीक्षण बिनचूक होते.

आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार मिळतो हे पुस्तकातले विधान बरोबर आहे. मात्र मिळालेला प्रत्येक क्षार पाण्यात विरघळल्यावर उदासीनच राहील, असे त्या विधानात कोठेही म्हटलेले नाही. ती भर आपण घालतो, कारण क्षार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातले मीठ येते. मीठ हे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्यापासून बनते. दोघेही तीव्र असल्यामुळे मिठाचे पाणी उदासीन राहते. मोरचुदाचे तसे नाही. त्याचे आम्ल, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल, तीव्र आहे, पण त्याचा आम्लारी, म्हणजे कॉपर हायड्रॉक्साइड, अतिशय सौम्य आहे आणि पाण्यात जवळजवळ विरघळतही नाही.

नेमके घडते ते असे. मोरचूद विरघळला की तांब्याचा प्रत्येक धनप्रभारित आयन स्वतःभोवती पाण्याचे रेणू गोळा करतो. तो त्या रेणूंमधील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढत असल्यामुळे त्यांच्यातील हायड्रोजनची पकड सैल होते आणि काही रेणू आपला हायड्रोजन आयन द्रावणात सोडून देतात. द्रावणात हायड्रोजन आयन वाढले म्हणजे ते आम्लधर्मी झाले. याला जलअपघटन म्हणतात. त्यामुळे मोरचुदाच्या एक टक्का द्रावणाचा सामू (pH, सातपेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी) चार ते साडेचारच्या आसपास असतो.

उलट उदाहरण धुण्याच्या सोड्याचे आहे. सोडियम कार्बोनेट हाही क्षारच आहे, पण त्याचा आम्लारी तीव्र आणि आम्ल सौम्य असल्याने त्याचे द्रावण लाल लिटमस निळा करते. नवसागर आम्लाकडे झुकतो, तुरटीही आम्लाकडे झुकते आणि खाण्याचा सोडा किंचित आम्लारीधर्मी असतो. या चारही वस्तू किराणा दुकानात मिळतात. मुलीकडून त्यांची पाण्यात द्रावणे करून घ्या आणि पट्ट्या बुडवायला सांगा. धडा तोंडपाठ करण्यापेक्षा ते बरे.

मिसळीनंतर_सोडा | १२ सप्टेंबर, रात्री १०:५१

सर, नाशिकची झणझणीत मिसळ खाऊन झाल्यावर मी स्वतःवर उदासिनीकरणाचा प्रयोग दर रविवारी करतो. क्षार आणि पाणी यांखेरीज जो वायू तयार होतो, त्याविषयी घरच्यांची तक्रार आहे.

खडूफळा | १२ सप्टेंबर, रात्री ११:०४

तो कार्बन डायऑक्साइड आहे आणि तक्रार रास्त आहे. विनोद बाजूला ठेवून सांगतो की मूळ प्रश्नातील बुडबुड्यांचे उत्तरही तुमच्या त्या सोड्यातच आहे. उद्या सविस्तर लिहितो.

आजीचा_बटवा | १३ सप्टेंबर, सकाळी ७:३०

शब्दांविषयी एक शंका. आयुर्वेदात यवक्षार, सर्जिकाक्षार आणि मूळव्याधीवरचे क्षारसूत्र हे शब्द येतात. तेथे ‘क्षार’ म्हणजे दाहक, आम्लाच्या विरुद्ध गुणाचा पदार्थ. आपल्या पापडखारातला आणि टाकणखारातला ‘खार’ हा त्याच ‘क्षार’ शब्दाचे रूप आहे. मग पाठ्यपुस्तकाने हा शब्द मिठाच्या वर्गाला का दिला? शेतीखात्याची माणसे तर आणखी वेगळे बोलतात. त्यांच्याकडे आम्लाच्या विरुद्ध ‘विम्ल’ असते.

खडूफळा | १३ सप्टेंबर, सकाळी ८:१५

आपली शंका योग्य आहे आणि गोंधळाचे अर्धे मूळ या शब्दांतच आहे. आजच्या मराठी शालेय परिभाषेत आम्लाच्या विरुद्ध तो आम्लारी, त्यांपैकी पाण्यात विरघळणारा तो अल्कली आणि दोघांपासून बनलेला तो क्षार. जुन्या वापरात मात्र क्षार म्हणजे अल्कलीच. माती परीक्षणाच्या अहवालात सामूला ‘आम्ल-विम्ल निर्देशांक’ म्हटलेले असते, ते याच वस्तूचे तिसरे नाव.

परंतु पापडखाराचे उदाहरण घेतले, तर जुने आणि नवे दोन्ही अर्थ एकाच पुडीत सापडतात. रचनेने तो क्षार आहे आणि गुणाने अल्कलीसारखा वागतो. आपल्या पूर्वजांनी गुण पाहून नाव ठेवले, तर पाठ्यपुस्तकाने रचना पाहून ठेवले. मला दोघांपैकी कोणालाही चूक ठरवावेसे वाटत नाही. फक्त विद्यार्थ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे.

हळदकुंकू | १३ सप्टेंबर, सकाळी ९:०२

लिटमस नसेल तर हळद आहेच. कपड्यावर पडलेला आमटीचा डाग साबण लावताच लालभडक होतो, तो याच कारणाने. आमच्याकडे लहानपणी घरी कुंकू करत असत, म्हणून मला वाटत आले आहे की हळद आणि चुना म्हणजेच कुंकू. हे बरोबर आहे का?

खडूफळा | १३ सप्टेंबर, सकाळी ९:४०

हळद आणि चुना यांचा लाल रंग हा दर्शकाचा, म्हणजे आम्ल की आम्लारी ते दाखवणारा, रंग आहे. त्यावर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो. कुंकवाच्या जुन्या कृतीत मात्र हळदीबरोबर टाकणखार आणि लिंबाचा रसही असतो. टाकणखारातील बोरॉन आम्लाच्या सान्निध्यात हळदीतील कुरकुमिनशी जोडला जातो आणि त्यातून वेगळेच लाल रंगद्रव्य तयार होते. ते आम्लात टिकते. म्हणजे डोळ्यांना दोन्ही लाल सारखेच दिसले तरी एक आम्लारीमुळे आलेला आहे आणि दुसरा आम्लाच्या मदतीने आलेला आहे.

हळदीची एक मर्यादाही लक्षात असू द्यावी. तिचा रंग साधारण साडेसात सामूच्या पुढेच बदलतो. त्यामुळे साधे पाणी आणि लिंबाचा रस यांतील फरक तिला सांगता येत नाही.

बाटलीतला_बाष्प | १३ सप्टेंबर, दुपारी १:२०

मी दिंडोरी भागातील एका वायनरीच्या प्रयोगशाळेत काम करतो. ‘क्षार उदासीन नसतो’ या मुद्द्याला आमच्याकडचे एक उदाहरण जोडतो.

द्राक्षातील मुख्य आम्ल टार्टरिक. त्याच्या रेणूतून दोन हायड्रोजन आयन सुटू शकतात. द्राक्षात पोटॅशियम भरपूर असल्यामुळे त्यांपैकी एका हायड्रोजनची जागा पोटॅशियम घेते आणि दुसरा तसाच राहतो. तयार होणारा पदार्थ क्षारही असतो आणि आम्लही असतो, कारण अर्धेच उदासिनीकरण झालेले असते. हा आम्लक्षार थंडीत कमी विरघळतो. म्हणून वाइन फ्रिजमध्ये ठेवल्यावर कधीकधी बाटलीच्या तळाशी किंवा बुचावर काचेसारखे स्फटिक दिसतात. ग्राहक ‘बाटलीत काच निघाली’ अशी तक्रार घेऊन येतात. त्यांच्यासमोर तो स्फटिक गरम पाण्यात विरघळवून दाखवला की ते शांत होतात. बेकरीत वापरतात ते क्रीम ऑफ टार्टर म्हणजे हाच पदार्थ.

आणखी एक. ‘सामू किती’ आणि ‘आम्ल किती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सामू हा त्या क्षणी सुट्या असलेल्या हायड्रोजन आयनांचा हिशेब सांगतो, तर एकूण आम्लता मोजायची असेल तर आम्हाला फिनॉल्फथॅलिन हा दर्शक घालून सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब मोजावे लागतात. सौम्य आम्ल आपले बहुतेक हायड्रोजन हातचे राखून ठेवते आणि आम्लारी घालत जावे तसतसे ते सोडत जाते. म्हणून ‘तीव्र’ आणि ‘संहत’ (कमी पाण्यातले) हे शब्द एकाच अर्थाने वापरू नयेत. घरचे व्हिनेगर सौम्य आम्लाचे असते, तरी ते उदासीन करायला त्याच सामूच्या हायड्रोक्लोरिक आम्लापेक्षा शंभरपटीहून अधिक आम्लारी लागतो.

सामूची मोजश्रेणीही एका दारूभट्टीच्या प्रयोगशाळेतच जन्मली, याचा आम्हा मंडळींना थोडा अभिमान आहे. सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ती मांडली. त्या श्रेणीवर एका अंकाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहापट फरक.

काळी_माती | १३ सप्टेंबर, दुपारी २:०५

माहिती छान आहे, पण ताईंच्या दिरांची पाने करपली आहेत आणि आपण कुंकू व वाइन यांवर बोलत आहोत. माझा कोयता अजूनही उत्तर देतो आहे. चुना कमी पडला.

हिशेबी_माणूस | १३ सप्टेंबर, दुपारी ३:३०

कोयत्याशी मी सहमत आहे, पण मला एक गोष्ट पटत नाही. एक टक्का बोर्डोसाठी शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना हे प्रमाण सर्वत्र सांगितले जाते. हिशेब करून पाहा. स्फटिकी मोरचुदात पाण्याचे पाच रेणू धरून रेणुभार सुमारे २५० होतो आणि कळीच्या चुन्याचा ५६. एकास एक रेणू या प्रमाणात एक किलो मोरचुदाला शुद्ध कळीचा चुना लागतो केवळ २२५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे किलोभर चुन्यातला तीन चतुर्थांश वाया गेला, तरी मिश्रण आम्लधर्मी राहायला नको. मग ताईंच्या दिरांकडे ते तसे कसे राहिले?

(जाता जाता एक निरीक्षण: एक किलो मोरचूद विकत घेताना आपण ३६० ग्रॅम पाण्याचेही पैसे देतो. तो तव्यावर तापवला की पांढरा पडतो आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा निळा होतो. मात्र स्वयंपाकाचा तवा त्यासाठी वापरू नका.)

खडूफळा | १३ सप्टेंबर, सायंकाळी ६:१०

हिशेबी_माणूस यांचा प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. काल राहिलेले बुडबुडे आता घेतो.

कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. पाणी घातले की तो सणसणीत तापतो, फुटतो आणि विरतो. विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तो खरा आम्लारी. पण पोते उघडे राहिले तर हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे पुन्हा चुनखडी. दिसायला तो पांढराच राहतो. अशी चुनखडी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे मोरचुदाच्या आम्लधर्मी द्रावणात ती सावकाश आणि अपुरीच क्रिया करते. त्या क्रियेत कार्बन डायऑक्साइड सुटतो. ताज्या चुन्याने बोर्डो केले तर बुडबुडे येण्याचे काही कारणच नाही. तुम्हाला ते दिसले, यावरून चुना शिळा होता असा माझा तर्क आहे.

याची परीक्षा घरी करता येते. चमचाभर चुन्यावर थोडे पाणी टाका. ताजा असेल तर तो तापेल. दुसऱ्या चमच्यावर व्हिनेगर टाका. फसफसला तर त्यात चुनखडी आहे. चुना हाताळताना डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे असावेत.

कोयता आणि लिटमस यांच्यातील वादाविषयी असे की ते दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. कोयत्यावर चढणारा तांबूस थर हा तांब्याचाच असतो. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ते द्रावणात जाते आणि तांबे बाहेर पडते. म्हणजे कोयता सुटे तांबे आहे का ते सांगतो, लिटमस हायड्रोजन आयन सांगतो. पाने करपतात ती मुख्यतः सुट्या तांब्यामुळे, म्हणून बागेसाठी कोयता अधिक थेट साक्षीदार आहे हे मी मान्य करतो.

काळी_माती | १३ सप्टेंबर, सायंकाळी ६:२५

सर, हे वाक्य मी चौकट करून ठेवणार आहे.

वेलीची_राखण | १३ सप्टेंबर, रात्री ८:००

बोर्डोचा शोध चोरांमुळे लागला, हे येथे कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. फ्रान्समधील बोर्डो परिसरात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे वाटसरू तोडून नेत, म्हणून बागाईतदार त्यांवर मोरचूद आणि चुना यांचे निळसर, किळसवाणे दिसणारे मिश्रण शिंपडत. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञांना १८८२ मध्ये असे दिसले की नेमक्या त्याच वेलींवर केवडा नाही. पुढे प्रयोग करून त्यांनी १८८५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली.

मिसळीनंतर_सोडा | १३ सप्टेंबर, रात्री ८:१२

आमच्याकडे वाटसरू निळी द्राक्षेही धुऊन खातील.

ठिबकवाला | १४ सप्टेंबर, सकाळी ६:५०

ठिबकच्या नळ्यांत विहिरीच्या पाण्यामुळे पांढरा थर साठतो, तोही कॅल्शियम कार्बोनेटच. त्यासाठी आम्ही आम्ल सोडतो आणि ड्रीपर पुन्हा चालू होतात. नव्या मुलांना एकच गोष्ट शिकवावी लागते: बादलीत आधी पाणी, मग त्यात हळूहळू आम्ल. आम्लात पाणी ओतले की ते एवढे तापते की अंगावर उडते. अंगावर उडालेच तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावे. काही जण वर लगेच सोडा किंवा चुना चोळतात, ते करू नये, कारण उदासिनीकरणातही उष्णता बाहेर पडते आणि जखमेत भर पडते.

एक विचारायचे आहे. आमच्या जमिनीचा सामू ८.३ आला आहे, मातीत चुनखडी आहे आणि पाने पिवळी पडतात. एका दुकानदाराने जिप्सम सुचवले आहे. जिप्सम तर क्षार आहे. तो सामू कमी करतो का?

खडूफळा | १४ सप्टेंबर, सकाळी ९:३०

जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, पाण्यात जवळपास उदासीन आहे. चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनीत तो उपयोगी पडतो, पण तेथे त्याचे काम आम्लाचे नसते. मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला तो बाहेर काढतो आणि त्याची जागा कॅल्शियमला देतो. निघालेला सोडियम पाण्याबरोबर निचरून गेला की सामू उतरतो. आपल्या अहवालात सोडियम जास्त नसेल आणि चुनखडी आधीच असेल, तर आणखी कॅल्शियम घालून फारसे साधणार नाही. अशा ठिकाणी गंधकाचा विचार करतात. मातीतील जिवाणू गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते चुनखडीवर काम करते. पाने पिवळी पडतात ती बहुधा लोहाच्या कमतरतेमुळे, कारण चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. तरीही मात्रा ठरवण्यापूर्वी पूर्ण अहवाल घेऊन कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा. येथे बसून मी आकडा सांगणे योग्य नाही.

निफाडची_सून | १५ सप्टेंबर, रात्री ९:४५

सर्वांचे मनापासून आभार. आज पुन्हा बागेत जाऊन आलो. अहवाल मुलीच्या वहीतून उतरवून देते.

चुन्याचे पोते मे महिन्यात आणलेले होते आणि संपूर्ण पावसाळाभर शेडमध्ये तोंड उघडे ठेवून पडले होते. वरच्या थरातला चमचाभर चुना पाण्यात टाकला, तो अजिबात तापला नाही. व्हिनेगर टाकल्यावर मात्र दुधासारखा फसफसून वर आला. पोत्याच्या अगदी मध्यातून काढलेला चुना थोडा कोमट झाला.

हिशेबी_माणूस यांच्या शंकेचे उत्तरही मिळाले. दिरांना पुन्हा पुन्हा विचारल्यावर त्यांनी कबूल केले की नोझल तुंबते म्हणून ते चुना किलोऐवजी अर्धाच किलो घेतात आणि निवळी दुहेरी फडक्यातून गाळून साका फेकून देतात. म्हणजे आधीच शिळा चुना, त्यातला अर्धा आणि त्यातलाही बराचसा फडक्यावर.

तालुक्याहून आणलेल्या बंद पिशवीतील ताज्या चुन्याने आज दहा लिटरचे मिश्रण करून पाहिले. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवून तिसऱ्या बादलीत एकाच वेळी ओतले. बुडबुडे आले नाहीत. रंग आकाशासारखा आला. कोयत्यावर थर चढला नाही, निळी पट्टी निळीच राहिली आणि लाल पट्टी निळी झाली. तेव्हा मुलीने विचारले, “आई, आता हे आम्लारीधर्मी झाले, मग हे तरी उदासीन कुठे आहे?”

खडूफळा | १५ सप्टेंबर, रात्री १०:१०

तिला सांगा की नाही, ते उदासीन नाही, कारण चुना गरजेपेक्षा जास्त पडला आहे आणि पाने वाचवण्यासाठी तो थोडा जास्त पडलेलाच बरा. याच कारणाने बोर्डोमध्ये दुसरी औषधे मिसळत नाहीत, कारण त्यांतील कित्येक आम्लारीधर्मी पाण्यात टिकत नाहीत. मिश्रणही केले त्याच दिवशी संपवावे.

हिशेबी_माणूस | १५ सप्टेंबर, रात्री १०:३२

साका फडक्यावर राहिला, हे माझ्या हिशेबात नव्हते. दिरांना नमस्कार सांगा.

निफाडची_सून | १५ सप्टेंबर, रात्री १०:४०

सांगते. एक शेवटचे विचारते. त्या जुन्या पोत्याचे काय करावे? दीर म्हणतात बागेतच पसरून टाकू.

काळी_माती | १५ सप्टेंबर, रात्री १०:४४

नको, ताई. आपल्या मातीत चुनखडी आधीच आहे, वरच्या ठिबकवाल्या दादांना विचारा. शेडच्या कोपऱ्यात ठेवा, या वेळी तोंड बांधून.

मिसळीनंतर_सोडा | १५ सप्टेंबर, रात्री १०:४९

आता तोंड बांधून काय उपयोग, ते होऊन गेले की हो.